येरळाथेरियमची दाढ

कृष्णेचं पाणी ओसरलं त्या आठवड्यात सांगलीतल्या त्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागात एकही तास झाला नाही. तळमजल्यावरच्या संग्रहालयात छातीएवढं पाणी चढून गेलं होतं. दगडांना काय होणार, असं सगळे म्हणत होते. पण लाकडी कपाटं फुगली होती, ड्रॉवर उघडत नव्हते आणि प्रत्येक नमुन्यावर राखाडी गाळ बसला होता. क्रांती बनसोडे ओढणी कमरेला बांधून, बादली आणि जुने टूथब्रश घेऊन एकेक ड्रॉवर साफ करत होती. विभागात लागून तिला वर्षच झालं होतं. ती मिरजेची, वडील रेल्वेत होते. पीएच.डी. तिनं बेडकांच्या जीवाश्म हाडांवर केली होती. सुईच्या टोकाएवढी हाडं मातीतून निवडायची तिला सवय होती, म्हणूनच गाळात रुतलेली होमिओपॅथीच्या गोळ्यांची बाटली तिनं इतर कचऱ्याबरोबर फेकून दिली नाही. उजेडात धरून बघितली.

आत एक दात होता. तांदळाच्या कणीएवढा.

बाटलीवरचं लेबल धुऊन गेलं होतं. तिनं विभागप्रमुख मॅडमना विचारलं, तर त्या हसल्या. "अगं, ही इंगवले सरांची मगर. राहिली का अजून?"

डॉ. मानसिंग इंगवले ह्याच विभागात शिकवून निवृत्त झाले होते. तरुणपणी त्यांना खटाव तालुक्यात, औंधजवळच्या एका विहिरीतून निघालेल्या मातीत हा दात सापडला. लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकून राहिलेली तळ्याची माती होती ती, डायनासोर जमिनीवर हिंडत होते तेव्हाची. सरांनी लिहिलं, की हा दात सस्तन प्राण्याचा आहे, आपल्या फार लांबच्या पूर्वजांच्या भावकीतल्या कुणाचा तरी. आणि माहीत असलेल्या कुठल्याच प्रजातीत तो बसत नाही. प्रजाती म्हणजे जातीच्या वरची पायरी. वाघ आणि सिंह ह्या जाती दोन, पण प्रजाती एकच. सरांनी ह्या दातासाठी नवी प्रजाती केली. खटावातून निघून खाली सांगलीजवळ कृष्णेला मिळणाऱ्या येरळा नदीवरून तिला नाव दिलं, येरळाथेरियम. येरळेचं जनावर.

पुढं परदेशातल्या एका मोठ्या अभ्यासकानं आपल्या लेखात ह्या दातावर तीन ओळी लिहिल्या. त्या काळात मगरींचे काही लहानसे नातेवाईक होते, त्यांचे दात सस्तन प्राण्यांसारखेच उंचवट्यांचे असत; हा त्यांच्यापैकी कुणाचा असावा; एका तुटक्या दातावर दिलेलं हे नाव वापरू नये. त्यानं फक्त फोटो बघितले होते, पण त्याचा शब्द मोठा होता. नाव कुणी वापरलं नाही. सरांनी त्यानंतर शिकवलं भरपूर, लिहिलं मात्र काही नाही. विभागात 'इंगवल्यांची मगर' हा शब्द तेवढा उरला.

क्रांतीनं दात सूक्ष्मदर्शकाखाली धरला. जुन्या फोटोंत दाताच्या बुडाला टणक मातीचा गोळा दिसायचा. दात मोडेल ह्या भीतीनं सरांनी तो कधी काढला नव्हता. आता बाटलीत शिरलेल्या पुराच्या पाण्यात भिजून तो गोळा साखरेसारखा विरघळायला आला होता. ओल्या कुंचल्यानं तिनं कणाकणानं माती ओढली. खालून एक मूळ निघालं. मग त्याच्या शेजारी दुसरं, पहिल्यापासून चांगलं फाकलेलं.

मगरीच्या दाताला मूळ एकच असतं.

तिनं कुंचला ठेवला, हात धुऊन आली आणि परत बघितलं. दोन होती.

*

सर साताऱ्यात गोडोलीला राहत. क्रांती गेली तेव्हा ते अंगणात कढीपत्त्याच्या आळ्यातलं तण काढत होते. उंच, वाळलेला माणूस, चष्म्याची दोरी गळ्यात. दोघांची आधी ओळख नव्हती. ती नोकरीला लागण्याच्या कितीतरी आधीच ते निवृत्त झाले होते. सरांच्या पत्नीनं, काकूंनी, पोहे आणून ठेवले. क्रांतीनं मोबाइलवरचा फोटो पुढं केला. सरांनी तो दोन बोटांनी मोठा केला, फोन लांब धरला, जवळ आणला.

"दोन मुळं आहेत," ते म्हणाले.

"हो सर."

त्यांनी चष्मा उतरवून दोरीवर सोडला. मग फोन तिच्या हातात देऊन म्हणाले, "बाटली कपाटात ठेवून द्या, मॅडम. तुम्ही एवढ्यासाठी आलात, बरं वाटलं."

"सर, हा सस्तन प्राणीच आहे. तुमचं बरोबर होतं."

"सस्तन आहे एवढं ठरलं. कुठला, ते एका दातावर ठरत नाही. तेव्हाही ठरत नव्हतं."

"मग आणखी दात शोधायचे. ती विहीर कुणाची होती?"

काकू हसल्या. सरांनी त्यांच्याकडं बघितलं आणि नाइलाजानं सांगितलं. "फडतऱ्यांची. आता लालासाहेब म्हणून त्यांचा मुलगा बघतो. जायचं तर जा, पण माझं नाव सांगू नका. त्याच्या वडिलांनी मला विहिरीवरच्या मोटारीचा चोर समजून लिंबाला बांधून ठेवलं होतं."

मध्ये करोना आला आणि सगळंच थांबलं. क्रांतीला औंधला जायला जमलं ते पुढं एका उन्हाळ्यात. यमाईच्या डोंगराच्या पलीकडं माळावर लालासाहेब फडतऱ्यांची वस्ती होती. फौजेतून हवालदार म्हणून परत आलेला, पन्नाशीचा, मिशा राखलेला माणूस. त्यानं विहीर आणखी खोल घ्यायला काढली होती. दगड वर ओढायची यारी लावली होती, सुरुंग झाले होते, आणि काठावर काळ्या दगडांच्या शेजारी हिरवट राखाडी मातीचा एक वेगळा ढीग पडला होता. क्रांती आधी त्या ढिगाकडं गेली.

"ही माती मला थोडी न्यायची आहे," ती म्हणाली.

"न्या की. पर करताय काय हिचं? रोपाला बी चालत न्हाई ती, लय चिकाट."

"तिच्यात दात असतात."

लालासाहेबानं यारीवरच्या माणसाला हातानं थांबवलं. "कुनाचं दात?"

"प्राण्यांचे. खूप जुने."

"मॅडम, आमच्या हिरीत आजपातूर कोन पडल्यालं न्हाई. पोलीसबिलीस येनार असतील तर आत्ताच सांगा."

तिनं सगळं समजावून सांगितलं. लाव्हा, तळं, त्यात वाहून आलेली हाडं, त्यावर परत लाव्हा. लालासाहेबानं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे डायनासोर व्हते तवाचं हाय हे."

"हो."

"आन तुमाला त्यातलं पायजे काय, तर उंदीर."

"उंदराएवढं काहीतरी."

त्याची बायको हरणाबाई दारातून म्हणाली, "आवं न्हेऊ द्या की. तेवढाच ढीग कमी हुईल."

*

माती धुणं हे काही दिसायला शोभेचं काम नाही. ती आधी वाळवायची, मग रॉकेलमध्ये भिजवायची, मग पाण्यात सोडायची, म्हणजे ढेकळं आपोआप सुटतात. तो चिखल पिठाच्या चाळणीहून बारीक जाळीतून धुवायचा. पोतंभर मातीतून वाटीभर बारीक चाळण उरते. ती वाळली की चिमूट-चिमूट सूक्ष्मदर्शकाखाली पसरून ओल्या कुंचल्याच्या टोकानं निवडायची. कॉलेजच्या मागच्या नळावर क्रांती हे शनिवार-रविवार करत राहिली. शंख निघाले, माशांचे खवले निघाले, तिच्या ओळखीची बेडकांची हाडं निघाली. पहिला पावसाळा तेवढ्यावरच गेला.

मग दिवाळीच्या सुट्टीत एक दाढ निघाली, पूर्ण. पुढच्या महिन्यात आणखी एक, मग वरच्या जबड्याच्या दोन. आरंभीच्या सस्तन प्राण्यांच्या दाढा ही फार नेटकी वस्तू असते. खालच्या दाढेला मागच्या बाजूला एक वाटी असते, आणि वरच्या दाढेचा आतला उंचवटा तिच्यात उखळात मुसळ बसावं तसा बसतो. आधीच्या प्राण्यांना फक्त कातरता यायचं. ह्यांना कातरताही येत होतं आणि चिरडताही. क्रांतीनं वरची आणि खालची दाढ पडद्यावर जुळवून बघितली. ती बसली. एकाच जातीच्या प्राण्याच्या होत्या.

पण सरांच्या दाताशी त्यातलं काहीच जुळत नव्हतं. तिच्या दाढा आखूड, रुंद, भक्कम. सरांचा दात लांबट, अरुंद, उंचवटे बुटके. तिनं जगभरच्या लेखांतले फोटो शेजारी ठेवून बघितले. तिच्या दाढा माहीत असलेल्या कुठल्याच प्रजातीत बसत नव्हत्या, आणि येरळाथेरियममध्येही नाही. म्हणजे नवीन प्रजाती, तिनं शोधलेली. तिनं नावही ठरवलं, कृष्णाडेन्स. कृष्णेचा दात. लेख लिहून एका चांगल्या नियतकालिकाला पाठवला. काही महिन्यांत उत्तर आलं, किरकोळ दुरुस्त्या करा, छापतो. विभागप्रमुख मॅडमनी सगळ्यांना पेढे दिले. त्या वर्षी क्रांतीच्या बढतीची मुलाखत होती आणि हा लेख अगदी वेळेवर आला होता.

तिनं लेख सरांना आधीच पाठवला होता. आता फोन केला.

"फार चांगलं काम आहे," सर म्हणाले. "मी दोनदा वाचलं. नाव छान आहे."

"सर, तुमच्या दाताबद्दल मी लिहिलंय, की तो सस्तन प्राण्याचाच आहे, पण पुरेसा नाही—"

"बरोबर लिहिलं आहेस. तसंच ठेव," सर म्हणाले, आणि काकूंना औषध द्यायचं आहे असं सांगून फोन ठेवला. तिला 'तू' म्हणायला त्यांनी कधी सुरुवात केली, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

दुरुस्त्यांमध्ये एक मागणी होती, की दातांचे आतले स्कॅनही जोडा. पुण्याच्या एका संस्थेत तशी यंत्रं होती. क्रांतीनं आपल्या दाढा नेल्या आणि जोडीला, तुलना म्हणून, सरांचा दातही. स्कॅन घेऊन ती परत आली आणि एकेक चित्र बघत बसली. तिच्या दाढांवरचं चकचकीत कवच जाड होतं. सरांच्या दातावरचं पातळ, कागदासारखं. आणि ती दोन मुळं. पुराच्या आठवड्यात तिनं ती फक्त मोजली होती. आता वळवून वळवून बघितली. ती सरळ खाली जात नव्हती. दोन्ही बाजूंना फाकली होती, मध्ये मोकळी जागा सोडून. खाली काहीतरी वाढत होतं आणि त्याला वाट द्यायची होती, अशी.

पातळ कवच, फाकलेली मुळं, लांबट आकार. ती खुर्चीवरून उठली. सरांचा दात वेगळ्या प्राण्याचा असायचं कारण नव्हतं. तो पिल्लाचा असू शकत होता. दुधाचा दात.

आणि तसं असेल तर कृष्णाडेन्स नावाचं काहीच नव्हतं. नावांच्या बाबतीत नियम साधा असतो. एकाच प्राण्याला दोन नावं पडली तर आधीचं राहतं.

*

"नाही," सर म्हणाले.

ती पुन्हा गोडोलीला आली होती, लॅपटॉप घेऊन. सरांनी सगळी चित्रं बघितली, मुळांचं चित्र तर फार वेळ बघितलं.

"शक्य आहे. पण शक्य आहे म्हणजे तसंच आहे असं नाही. दुसऱ्या एखाद्या प्राण्याचाही दुधाचा दात असेल. तुझ्याकडं काय पुरावा आहे?"

"आत्ता नाही."

"मग लेख जाऊ दे."

"मी नियतकालिकाला कळवलंय, की लेख थांबवते म्हणून."

सरांनी लॅपटॉप बंद केला. त्यांचा आवाज मात्र चढला नाही. "कुणी सांगितलं होतं तुला? बढती आहे तुझी. माझ्या वयाच्या माणसाला खूश करण्यासाठी स्वतःचं नाव मागं घेतेस? मला असल्या दयेनं परत आलेलं नाव नको आहे, क्रांती."

तिलाही राग आला. "तुमच्यासाठी नाही थांबवलं सर. मला शंका असताना मी नाव छापलं, तर पुढं कुणीतरी तीन ओळी लिहील. त्या माझ्यावर असतील. तुम्हाला ठाऊक आहे ते कसं असतं."

काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. सरांनी भिंतीकडं बघितलं. मग ते म्हणाले, "जबडा लागेल. दुधाचा दात आणि त्याच्या मागं तुझी दाढ, दोन्ही एकाच हाडात रुतलेली. त्याशिवाय कुणी मानणार नाही. मीसुद्धा नाही."

"माझ्याकडची माती संपत आलीय."

"मग आणायला हवी," सर म्हणाले. "उद्या निघू."

दुसऱ्या दिवशी औंधला पोचल्यावर त्यांनी बघितलं तर ढीग जागेवर नव्हता. लालासाहेबानं ती माती शेताकडं जाणाऱ्या वाटेवर पसरून वरून मुरूम टाकला होता. विहिरीत खाली चार माणसं होती, काठावर खडी आणि सिमेंटची पोती. येत्या सोमवारी बांधकाम सुरू होणार होतं. हिरवट मातीचा पट्टा आता फक्त विहिरीच्या आतल्या अंगाला दिसत होता, पुरुषभर उंचीचा, आणि बांधकामामागं तोही जाणार होता.

लालासाहेब सरांकडं निरखून बघत होता. "सर, तुमी तेच का? आमच्या आबांनी लिंबाला बांधून घातल्यालं?"

"तोच मी."

"आबा मरुस्तवर म्हनायचे, गड्याला बांधला पर त्यो मातीचीच चौकशी करत हुता, म्हनून सोडला." त्यानं घराकडं बघून हाक दिली, "आगं, च्या टाक."

चहा झाल्यावर क्रांतीनं बांधकाम दोन आठवडे पुढं ढकलता येईल का, असं विचारलं. लालासाहेबानं गवंड्याकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं. वळवाचे दिवस होते. बांधकामाआधी मोठा पाऊस झाला तर बाजू ढासळायची भीती होती. "दोन आठवडं न्हाई जमनार मॅडम. लय रिस्क हाय. ह्या रविवारपतूर काय काढायचं ते काढा. मी मोटर लावून पानी उपसून देतो."

खाली उतरायचं कुणी, ह्यावर काही वेळ वाद झाला. सर स्वतः उतरतो म्हणाले. लालासाहेबानं सरळ सांगितलं, "तुमी न्हाई. तुमाला परत बांधून घालावं लागंल." मग त्यानं क्रांतीच्या डोक्यावर मोटारसायकलचं हेल्मेट चढवलं, कमरेला दोर घालून फौजेतली गाठ मारली आणि ती गाठ तीनदा ओढून बघितली. यारीच्या बकेटात बसून ती खाली गेली. वरचं गोल आभाळ लहान होत गेलं. खाली गारवा होता, भिंतीतून पाणी पाझरत होतं. हिरवट पट्टा हातासमोर आला तेव्हा तिनं बकेट थांबवायला सांगितलं.

"क्रांती," वरून सरांचा आवाज आला. काठावर पोतं अंथरून ते पालथे झोपले होते, फक्त डोकं दिसत होतं. "शंख दिसतात तो थर सोड. त्याच्या वर, हातभरावर बघ. तिथं बारीक काळे ठिपके असतील."

"आहेत सर."

"तिथलं घे. तिथलंच घे सगळं."

ती छिन्नीनं माती उकरून पोत्यांत भरत राहिली. पोती वर जात राहिली. दुपारी हरणाबाईनं भाकरी आणि पावट्याची आमटी आणली, तेव्हा सर मातीच्या ढेकळांवर भिंग धरून बसले होते आणि त्यांना जेवायला दोनदा सांगावं लागलं. रविवारी संध्याकाळी लालासाहेबाच्या टेम्पोत पोती भरून सांगलीला निघाली. सोमवारी वळीव आला, विजांसकट. बाजू ढासळली नाही, पण लालासाहेब फोनवर म्हणाला, की त्याला झोप लागली नव्हती.

*

त्यानंतर दर शुक्रवारी सर साताऱ्याहून एस.टी.नं सांगलीला येऊ लागले. विभागात त्यांच्यासाठी एक खुर्ची आणि दुसरा सूक्ष्मदर्शक लागला. सुरुवातीला मुलं दारातून डोकावून जायची. सर माती धुवायलाही मागं राहत नसत. पँट दुमडून नळावर बसायचे. बढतीच्या मुलाखतीत क्रांतीला विचारलं, ह्या वर्षीचा लेख कुठं आहे. ती म्हणाली, थांबवलाय. बढती पुढच्या वर्षावर गेली. विभागप्रमुख मॅडम त्या दिवशी तिच्याशी बोलल्या नाहीत; दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनीच नळावर सावलीसाठी ताडपत्री बांधून घेतली.

पावसाळा गेला. दाढा आणखी निघाल्या, सगळ्या क्रांतीच्या प्रकारच्या. सुटा एक दुधाचा दात निघाला, हुबेहूब सरांच्यासारखा. क्रांतीला आनंद झाला. सर म्हणाले, "सुटा आहे." आणि पुढची चिमूट पसरली.

जबडा निघाला तो थंडीत, एका शुक्रवारी सकाळी, क्रांतीच्या हाताखाली. आधी तिला वाटलं शंखाचा तुकडा आहे. कुंचल्यानं वळवला तर त्यावर दोन दात होते. तिनं ताटली उचलली आणि सरांच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

"सर, एवढं बघता का?"

सरांनी डोळा लावला. एका हातानं चाक फिरवलं. मग हात थांबला.

क्रांतीला ठाऊक होतं ते काय बघत आहेत. शेंगदाण्याच्या टरफलाच्या तुकड्याएवढं हाड, तपकिरी. पुढं लांबट, अरुंद, झिजलेला दात. त्याच्या मागं, त्याच हाडात, आखूड, रुंद, भक्कम दाढ, नुकतीच वर आलेली, धार अजून न बोथटलेली.

"काय दिसतंय सर?"

सरांनी चाक पुन्हा थोडं फिरवलं. नळाखाली बादली भरत होती, तिचा आवाज तेवढा येत होता. मग डोळा न काढताच ते म्हणाले, "लहान होतं गं. दुधाचे दात पडायच्या आत गेलं." आणि थोड्या वेळानं, "माझ्या बाटलीतलंही लहानच होतं म्हणायचं." त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. डोळे पुसले नाहीत, ते तसेच राहू दिले.

पुण्याला स्कॅन करून घेतला तेव्हा उरलेली शंकाही गेली. लांबट दाताच्या फाकलेल्या मुळांमध्ये, हाडाच्या आत, कायमचा दात उगवायच्या तयारीत बसलेला होता.

लेख नव्यानं लिहावा लागला. कृष्णाडेन्स हे नाव क्रांतीनं स्वतः खोडलं. तेव्हा तिला वाईट वाटलं, नाही असं नाही. ते नाव तिनं मनात फार दिवस वापरलं होतं. शीर्षकात आता येरळाथेरियम आलं. लेखकांत आधी तिचं नाव ठेवायचं, ह्यावर सर अडून बसले. ज्या परदेशी अभ्यासकानं त्या तीन ओळी लिहिल्या होत्या तो आता खूप म्हातारा होता. परीक्षकांची नावं लेखकांना कळवत नाहीत, पण लेख परीक्षणासाठी त्याच्याकडंच गेला असावा असं सरांना वाटत होतं, कारण एका परीक्षकानं शेवटी लिहिलं होतं: 'ह्या प्रजातीबद्दल पूर्वी व्यक्त झालेलं मत आता मागं घ्यायला हवं, आणि ते मत ज्याचं होतं त्याला ह्याचा आनंद आहे.' सरांनी ते वाक्य काकूंना दोनदा वाचून दाखवलं.

क्रांतीची बढती पुढच्या मुलाखतीत झाली.

लेख छापून आल्यावर दोघं औंधला गेले. जबड्याची हाताएवढी मोठी प्रतिकृती प्लास्टिकमध्ये छापून घेतली होती, ती लालासाहेबाला द्यायची होती. प्राणी कसा दिसत असेल त्याचं एका चित्रकारानं काढलेलं चित्रही होतं. हरणाबाईनं ते हातात घेतलं आणि म्हणाली, "ही तर चिचुंद्री हाय."

"जवळपास तशीच," सर म्हणाले.

"आन हिच्यासाठी तुमी दोगं एवढं राबलाय?"

"हो."

"राबा की मग," ती म्हणाली आणि प्रतिकृती उचलून देव्हाऱ्याच्या शेजारच्या फळीवर, फौजेतल्या फोटोजवळ ठेवून आली.

लालासाहेब त्यांना विहिरीवर घेऊन गेला. विहीर काठोकाठ बांधून झाली होती, स्वच्छ, गोल, आत पाणी चांगलं वर आलेलं. "बगा, पानी लागलं," तो म्हणाला. मग बांधकामात एका बाजूला बोट दाखवलं. पाण्याच्या जरा खाली एक चौकोनी तोंड मोकळं सोडलेलं होतं, माणूस बसेल एवढं, त्यावर लोखंडी जाळी.

"गवंडी म्हनला, कशाला सोडताय. म्हनलं, असू दे. हिरवी माती हाय तिथं. पाडव्यापतूर पानी खाली जातंय, तवा या."

सर काठावर वाकून बघत होते. क्रांतीनं त्यांचा दंड धरला. "जाळी निघते का?" त्यांनी विचारलं.

"निघती. नटबोल्ट टाकल्यात."

परतताना औंधच्या स्टँडवर सातारची गाडी आधी आली. सर जागचे हलले नाहीत.

"सर, तुमची गाडी."

"जाऊ दे. मी सांगलीला येतो, काकूंना फोन केलाय. शेवटच्या चाळणीत तुला तो चपटा दात सापडलाय ना, तू बेडकाच्या डब्यात ठेवलास तो? मला तो बेडकाचा वाटत नाही."

"बेडकाचाच आहे सर. बेडकांवर माझी पीएच.डी. आहे."

"असेल. मला बघू तर दे," सर म्हणाले. तेवढ्यात विट्यावरून सांगलीला जाणारी गाडी वळणावर दिसली आणि ते पिशवी उचलून पुढं झाले.